राजहंसांची खबर कोणी आणली?

१

विदीफर्डची नदीकाठची वाट रविवारी चोरीला गेली, आणि चोरी झाल्याचं गावाला सोमवारी कळलं.

वाट कशी चोरीला जाईल, असं कुणी म्हणेल. हेस्टर पिमलाही पूर्वी तसंच वाटायचं. तिची सगळी नोकरी बंदरावर कस्टममध्ये गेली, आणि माणसं काय काय कुठे कुठे लपवून नेतात ते तिने पाहिलेलं होतं. पण मैलभर लांबीची वाट कुणी खिशात घालून नेली, हे तिच्याही अनुभवात नवीनच होतं.

ही वाट नावघाटाच्या फाटकापासून थेम्सच्या काठाने, विलोच्या राईतून, जुन्या पाणचक्कीच्या फाटकापर्यंत जाते. जमीन इस्टेटीची, पण चालायचं अख्खं गाव. चक्कीकडच्या बाया पोरांना याच वाटेने शाळेत नेत, कारण वरच्या रस्त्याला पदपथ नाही आणि खडी वाहणारे ट्रक कुणाच्या बापाला जुमानत नाहीत. कायदा असा, की लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे, कुणाला न विचारता चालले, तर ती कायमची गावाची. मात्र मालकाने मध्ये एक दिवस जरी वाट बंद केली आणि लोक गुमान मागे फिरले, तर आजवरचं सगळं चालणं पाण्यात. वीस वर्षं या महिनाअखेर भरत होती.

आणि तो रविवार रोगेशनचा होता. त्या दिवशी सगळा गाव व्हिकरबाईंच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, मागून, हातात विलोच्या छड्या घेऊन, शिवेवरून चालतो, सीमेच्या दगडांना छड्या मारतो आणि शेवटी चक्कीवर चहा पितो. या वर्षी मिरवणूक नावघाटाच्या फाटकाशी आली तर तिथे पाटी: ‘पुराने काठ खचला आहे. कृपया वरच्या रस्त्याने जावे. गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत.’

‘कृपया’ म्हटलं की विदीफर्डचा माणूस विहिरीतही उडी टाकेल. आठवडाभर पावसाने झोडपलं होतं, नदी फुगलेली होती, होड्या बंद होत्या. खरंच काठ खचलाय का, हे पाहायला कुणी पुढे झालं नाही, कारण तसं पाहणं म्हणजे पाटी लावणाऱ्यावर अविश्वास दाखवणं. पन्नासेक माणसं “अरेरे, काय करणार!” म्हणत वरच्या रस्त्याला लागली. हेस्टरही लागली. ट्रकांनी उडवलेला चिखल स्कर्टवर घेऊन ती चक्कीवर पोचली तेव्हा तिचं डोकं सणकलं होतं. हम्फ्री टल तिथे आधीच भिंतीशी बसला होता. त्याने तिच्यासाठी चहासोबतचा स्कोन राखून ठेवला, कानात राजहंसांची खुशखबर सांगितली, तेव्हा कुठे तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

सोमवारी सकाळी ती घाटावर गेली तर पाटी गायब. काठ कुठेही खचलेला नव्हता. फाटकाला मात्र नवी कोरी साखळी आणि कुलूप होतं, आणि शेजारी छत्री घेऊन इस्टेटीचे नवे मालक मिस्टर थॉरल्ड यांचे वकील उभे होते.

“सुप्रभात, मिसेस पिम,” वकील गोड हसून म्हणाले. “काल उगवतीपासून मावळतीपर्यंत दोन्ही फाटकं बंद होती. सबंध गाव, व्हिकरबाईंसकट, इथून मागे फिरला. आमच्याकडे फोटो आहेत.”

“आणि ती पाटी?”

“कुठली पाटी?” वकील म्हणाले.

२

“नदीखात्याला फोन केला,” हेस्टर म्हणाली. “त्यांनी पाटीबिटी लावलेली नाही. थॉरल्डचं काम आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण हात गावातल्या कुणाचा तरी आहे, हम्फ्री.”

हे बोलणं चाललं होतं हम्फ्रीच्या घरी, घाटावरच्या त्याच्या छोट्या बैठ्या घरात. हम्फ्री टल म्हणजे या वाटेचा कैवारी. बायको मार्जरी गेल्यावर वाट गावाची व्हावी म्हणून त्यानेच मोहीम काढली आणि हेस्टरला ओढून त्यात आणलं. तेव्हापासून दर रविवारी दोघं ती वाट चालत आलेली. हेस्टर या गावात येऊन अर्धं आयुष्य झालं तरी दुकानात ती अजून ‘बाहेरची’च होती. त्या वाटेवर, हम्फ्रीच्या जोडीने चालताना मात्र तिला कुणी बाहेरची म्हणत नसे. वाट गेली असती तर तिचं गाव गेलं असतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण हम्फ्रीला न सांगता ठाऊक होतं.

“गावातला कशावरून?” हम्फ्रीने किटली उचलली.

“पाटी एकाच फाटकावर होती म्हणून. दरसाल आपण चक्कीकडून निघून, शीव फिरून पुन्हा चक्कीवरच येतो. या वर्षी चक्कीमागची गल्ली पाण्याखाली, म्हणून नावघाटाकडून उलटं जायचं ठरलं. ठरलं कधी? शनिवारी संध्याकाळी, पबच्या मागच्या खोलीत. दारं लावून. तिथे कोण होतं? मी, तू, व्हिकरबाई, रॅग मास्तर, आणि बिअर आणून देणारा बार्नी. बाहेरच्याने पाटी लावली असती तर दोन्हीकडे लावली असती. याला ठाऊक होतं आपण कुठून येणार ते.”

हम्फ्रीने दुधाची वाटी तिच्याकडे सरकवली. “तू मला धरलंस की नाही यादीत?”

“तुला धरलं तर मग मलाही धरावं लागेल,” हेस्टर म्हणाली, आणि दोघंही हसली.

ती एकेकाला जाऊन भेटली. कस्टममधली तिची एक रीत होती. बॅग उघडण्याआधी समोरच्याला विचारायचं, ‘काही जाहीर करायचंय?’ पुष्कळदा बॅग उघडावीच लागत नसे.

व्हिकर फिलिपा डनमोर चर्चच्या घंटाघरात शिडीवर होत्या.

“थॉरल्डसाहेब घंटाघर दुरुस्त करून देणार आहेत म्हणे,” हेस्टर खालून म्हणाली.

“म्हणे नाही, देणार आहेत. आणि म्हणून मी माझ्या माणसांना विकलं, असं म्हणायचंय तुम्हाला?” व्हिकरबाई शिडीवरून उतरल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. “हेस्टर, ती पाटी वाचून ‘चला वरच्या रस्त्याने’ असं सगळ्यांत आधी मीच म्हणाले. तेवढ्यानेच झोप उडालीय माझी. आणखी पाप अंगावर घालू नका.”

गॉर्डन रॅग मास्तर चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून अजून थकले नव्हते. त्यांनी हेस्टरला दारातच गाठलं.

“हो, जेवलो मी थॉरल्डकडे. दोनदा. त्याच्या वाड्यात जुने नकाशे आहेत आणि मला ते पाहायचे होते. त्या जेवणात मीठ कमी होतं, एवढंच गुपित माझ्याकडे आहे.”

“रविवारी सकाळी कुठे होता?”

“चर्चमध्ये ऑर्गनशी कुस्ती खेळत होतो. तुम्ही समोरच बसला होता आणि सूर चुकला की तोंड वाकडं करत होता!”

पबवाला बार्नी ओक्स मात्र घुटमळला. ग्लास पुसत राहिला, आधीच पुसलेला.

“पबच्या लग्नकार्यांच्या मंडपासाठी थॉरल्ड मला कुरण देतो म्हणाला होता,” शेवटी तो म्हणाला. “मी हो-नाही काहीच बोललो नाही, पिमबाई. आणि रविवारी मी आणि बायको पहाटेपासून चक्कीवर चहाची भांडी लावत होतो. सासूबाई होत्या सोबत. सासूबाईंच्या देखत माणूस लबाडी करेल का? श्वास घ्यायची चोरी असते.”

सगळ्यांना कारण होतं आणि कुणाच्या हातून घडलेलं दिसत नव्हतं. हेस्टर रोज संध्याकाळी सगळं हम्फ्रीला सांगायची. तो मान डोलवायचा, तिला चहा करून द्यायचा आणि म्हणायचा, “दमू नकोस. काही गोष्टी हरायच्याच असतात.”

हे वाक्य तिला आवडत नव्हतं. पण हम्फ्री खचलाय, असंच तिने धरलं.

३

बुधवारी कौंटीची रस्ते-वाटांची अधिकारी मिस लॅम्बर्न आली. बारीकशी, शांत बाई. बूट मात्र चिखलात चालणाऱ्याचे होते, ते पाहून हेस्टरला जरा धीर आला. तिने गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं.

“सुनावणी उद्या दुपारी आहे,” ती म्हणाली. “आज एकच गोष्ट विचारायची आहे. मालक म्हणतात, रविवारी वाट पूर्ण बंद होती आणि एकही माणूस तिच्यावरून गेला नाही. हे खरं असेल तर माझे हात बांधलेले आहेत. पण तुमच्यापैकी एक जण, फक्त एक जण, नेहमीसारखा त्या दिवशी दिवसाउजेडी या वाटेने चालून गेला असेल, तर बंदी मोडली असं मला धरता येईल. कोणी गेलं होतं का?”

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुत्र्याला फिरवणाऱ्यांनी माना हलवल्या, मासे धरणाऱ्यांनी हलवल्या. हेस्टरच्या शेजारी हम्फ्री हात मांडीवर ठेवून बसला होता. नोरा पेल, चक्कीकडची, मांडीवरचं पोर थोपटत रडायच्या बेतात आली होती. तिला रोज दोन मुलं घेऊन ट्रकांच्या रस्त्याने जावं लागणार होतं.

“कोणीच नाही?” मिस लॅम्बर्नने पुन्हा विचारलं.

कोणीच नाही.

तिथून हेस्टर सरळ पबमध्ये गेली आणि एक ब्रँडी मागितली, जी ती एरवी नाताळातच घ्यायची. बार्नी ओतत असताना तिचं लक्ष सहज त्याच्या मागच्या काळ्या फळ्याकडे गेलं.

विदीफर्डमध्ये दर वसंतात पैज लागते. विलोच्या राईत, वाटेच्या मधोमध, राजहंसांची जोडी घरटं करते. अंडी कुठल्या दिवशी फुटणार ते ज्याला बरोबर सांगता येईल त्याला बार्नीकडून भलाथोरला पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: ‘राजहंस: रविवार. सहा फुटली, सातवं वाटेत. विजेत्या: बार्नीच्या सासूबाई.’

“यावरून काय रण माजलं होतं म्हणून सांगू,” बार्नी म्हणाला. “सगळे म्हणतात, घरचाच पाय घरात ठेवला.”

हेस्टरने ग्लास खाली ठेवला.

शनिवारी संध्याकाळी पबला येण्याआधी ती स्वतः राईत जाऊन आली होती. मादी अंड्यांवर बसलेली होती. सोमवारी सकाळी सातही पिल्लं आईमागून बंधाऱ्यापाशी पोहत आलेली सगळ्या गावाने पाहिली. म्हणजे सहा फुटलेली आणि सातवं अजून अंड्यात, हे दृश्य रविवारचं, आणि फक्त रविवारचंच. ते घरटं वाटेवर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. पलीकडच्या काठाला दलदल आहे आणि होड्या त्या दिवशी बंद होत्या.

कुणीतरी रविवारी त्या वाटेवर होतं!

“बार्नी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, “ही खबर तुला कोणी आणून दिली?”

४

“व्हिकरबाईंनी,” बार्नी म्हणाला. “चक्कीवर, चहा ओतत होतो तेव्हा.”

हेस्टर जवळजवळ पळतच चर्चवर गेली. पाय दुखायचे थांबले होते. पाटी कोणी लावली हा प्रश्न आता तिला किरकोळ वाटत होता. तिला आता चोर नको होता, तारणहार हवा होता. कुणीतरी बावळट, विसराळू, देवमाणूस, ज्याला पाटी दिसली नाही आणि जो आपला राजहंस बघत बघत मजेत चालून गेला.

व्हिकरबाई वेदीवर फुलं मांडत होत्या.

“राजहंस? मला रॅग मास्तरांनी सांगितलं. स्कोन खाता खाता. सहा आणि एक टकटक करतंय म्हणाले.” मग त्यांच्या लक्षात आलं आणि हातातलं फुलदाणीचं पाणी झग्यावर सांडलं. “देवा! हेस्टर, म्हणजे कुणीतरी...”

“हो. फुलं ठेवा आणि चला.”

रॅग मास्तर बागेत मटाराच्या वेलांना काठ्या लावत होते. दोन बायका कुंपणावरून ओरडत येताना पाहून ते काठीसकट उभे राहिले.

“मास्तर, रविवारी तुम्ही त्या वाटेने गेला होता का?” हेस्टरने धापा टाकत विचारलं. “गेला असाल तर तुमचे सगळे चुकलेले सूर मी माफ करते!”

“मी? मी तुमच्या मागेच तर होतो मिरवणुकीत. चिखल खात.”

“मग पिल्लांचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे असं पाहिलं जसं गृहपाठ विसरलेल्या मुलाकडे पाहतात.

“पिमबाई, थट्टा करताय का माझी? तुम्हीच सांगितलंत.”

व्हिकरबाई हसल्या, आणि हेस्टरचा चेहरा पाहून थांबल्या.

 खरंच, तिनेच सांगितलं होतं. चक्कीवर तिच्या तोंडात स्कोन होता. चिखलाचा राग होता. तेवढ्यात कुणीतरी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणालं होतं, “सहा फुटलीत, हेस्टर. सातवं आतून टकटक करतंय. आधी तुला सांगतोय.” आणि तिला इतका आनंद झाला होता की तो पोटात मावला नाही, म्हणून शेजारच्या मास्तरांना तिने लगेच वाटून टाकला.

तो दरवर्षी तिलाच आधी सांगायचा.

“तुम्हाला कोणी सांगितलं?” व्हिकरबाईंनी विचारलं.

“आठवत नाही,” हेस्टर म्हणाली. बंदरावरच्या सगळ्या नोकरीत ती कुणापाशी इतकं धडधडीत खोटं बोलली नव्हती.

घरी जाताना तिने स्वतःशी हिशेब मांडला आणि तो तिच्या मनाविरुद्ध जुळत गेला. हम्फ्री मिरवणुकीत नव्हता. गुडघा दुखतो, चक्कीवर भेटू, म्हणाला होता. तो घाटावर राहतो. गाडी चालवत नाही. रविवारी बस नसते. बार्नीला वाटलं असणार, व्हिकरबाईंनी गाडीने सोडलं; व्हिकरबाईंना वाटलं असणार, बार्नीने. विचारलं कुणीच नाही, कारण कसा आलास म्हणून विचारणं बरं दिसत नाही. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस साखळी लावलेलं फाटक ओलांडून कसा गेला? ओलांडून गेलाच नाही. उघडून गेला. आणि आज हॉलमध्ये मिस लॅम्बर्नने दोनदा विचारलं, तेव्हा एका शब्दाने वाट वाचवू शकणारा माणूस तिच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसला होता.

५

गुरुवारी सकाळी ती घाटावर गेली. हम्फ्री दारातच होता. त्याने दोन कप आधीच काढून ठेवले होते.

“हम्फ्री,” ती उभ्यानेच म्हणाली, “काही जाहीर करायचंय?”

तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. “सापडलं वाटतं तुला.”

“राजहंस. मला नसतं सांगितलंस तर नसतं सापडलं.”

“तुला कसं नसतं सांगितलं?” तो म्हणाला, आणि तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो ते मनापासून म्हणाला. “बस तरी. हेस्टर, ऐक. ती टीव्हीवाली मंडळी राईचं चित्रीकरण करून गेली, आठवतं? वाट नकाशावर आली की ते परत येणार. मग बसगाड्या, आइस्क्रीमवाले, राजहंसांना पाव मारणारी पोरं. मार्जरीला मी त्या राईत लग्नाचं विचारलं. तिथे पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी बर्गरचे कागद टाकेल. मोहीम मीच काढली ना? जिंकायला आलो तेव्हा कळलं की जिंकलो तर माझी राई जाईल.”

“म्हणून पाटी लावलीस. ‘मनापासून दिलगीर आहोत’ लिहून.”

“दिलगीर होतोच मी.”

“आणि नोराची पोरं ट्रकखाली आली तर? तेव्हा कुठली पाटी लावणार होतास?”

 त्याने कपाटातून काहीतरी काढलं आणि टेबलावर तिच्या कपाशेजारी ठेवलं. पितळी, नवी कोरी किल्ली.

“थॉरल्ड मला एकच देत होता,” तो म्हणाला. “मी अडून बसलो. म्हटलं, दोन दे, नाहीतर काही नाही. ही तुझी. आपला रविवार आपलाच राहील, हेस्टर. आपल्या दोघांचा. कुणी येणार नाही मध्ये.”

हेस्टर किल्लीकडे पाहत राहिली. त्याने गाव विकला, हे ती कदाचित कधीतरी गिळू शकली असती. लोक विकतात. पण विकताना तिची किंमत त्याने मनात आधीच ठरवली होती, आणि ती किंमत एका किल्लीएवढी होती. इतकी वर्षं शेजारी चालून या माणसाला ती एवढीच कळली होती! आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा हात खरोखरच किल्लीकडे जात होता. कारण राई तिलाही हवी होती आणि रविवारही, आणि खरं सांगायचं तर हा माणूसही.

तिने किल्ली उचलून कोटाच्या खिशात टाकली. हम्फ्रीने सुटकेचा श्वास टाकला आणि तिचा चहा ओतला. तिने तो घेतला नाही.

“दुपारी भेटू,” ती म्हणाली.

६

हॉल भरला होता. थॉरल्ड पहिल्या रांगेत घड्याळाशी चाळा करत बसले होते, शेजारी वकील, वकिलाच्या मांडीवर मागे फिरणाऱ्या गावाचे फोटो.

“शेवटचं विचारते,” मिस लॅम्बर्न म्हणाली. “रविवारी त्या वाटेने कोणी गेलं होतं का?”

हेस्टर उठली. पण ती अधिकाऱ्याकडे वळली नाही. ती हम्फ्रीकडे वळली, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हम्फ्री, काही जाहीर करायचंय?”

ही त्याला दिलेली दुसरी संधी होती. तो बोलला असता तर तिने त्याला क्षमाही केली असती, हे तिचं तिलाच ठाऊक. तो बुटांकडे पाहत राहिला.

“मग मी सांगते. हम्फ्री टल रविवारी नावघाटाकडून चक्कीपर्यंत चालून गेला. दिवसाउजेडी. राजहंसांची सहा अंडी फुटलेली आणि सातवं फुटताना त्याने पाहिलं, आणि ती खबर सगळ्या गावात पसरली. फळ्यावर लिहिलीय. बार्नीच्या सासूबाईंनी त्यावर पोर्क पाय खाल्लाय.”

“आख्खा,” सासूबाई मागून म्हणाल्या. “आणि चविष्ट होता.”

हॉलमध्ये गलका झाला. नोरा पेल हम्फ्रीकडे वळून “मिस्टर टल, देव तुमचं भलं करो!” असं म्हणाली, आणि हेस्टरला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

वकील मात्र ताडकन उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. “हरकत! ते चालणं मोजताच येणार नाही. मालकाच्या परवानगीने चालणाऱ्याला कायदा धरत नाही. मिस्टर टल आमच्या किल्लीने आत गेले. आमच्या परवानगीने.”

“बरोबर,” हेस्टर म्हणाली. तिने खिशातून किल्ली काढून मिस लॅम्बर्नच्या टेबलावर ठेवली. “ही त्या किल्लीची जोडीदार. मला गप्प बसायला दिलेली. मला वाटलं होतं किल्ली कोणी दिली हे मला सिद्ध करावं लागेल. वकीलसाहेबांनी माझे कष्ट वाचवले.”

वकील खाली बसले. थॉरल्ड घड्याळाशी चाळा करायचे थांबले.

“थोडं थांबा,” मिस लॅम्बर्न सावकाश म्हणाली. “मोहिमेच्या पुढाऱ्याला तुम्ही रविवारच्या आधी किल्ली दिलीत? कशासाठी?”

वकील मांडीवरचे फोटो चाळू लागले.

“शनिवारी ठरलेली दिशा रविवारी निघेपर्यंत फक्त पाच जणांना माहीत होती,” हेस्टर म्हणाली. “पाटी त्याच दिशेच्या फाटकावर होती. त्या पाचांतल्या एकाच्या खिशात मालकाची किल्ली होती. पुढचं मी बोलणार नाही. ज्याचं त्याने बोलावं.”

आता सगळा गाव हम्फ्रीकडे पाहत होता. नोराही. तिच्या चेहऱ्यावरचं ‘देव भलं करो’ हळूहळू पुसलं गेलं. हम्फ्री उठला, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

“पाटी मी लावली,” तो म्हणाला. “सोमवारी पहाटे काढलीही मीच. चुलीत घातली.”

“माझ्यापुरतं झालं,” मिस लॅम्बर्न म्हणाली. “लोक बंदी मान्य करून मागे फिरले असते तर गोष्ट वेगळी होती. ज्यांना फसवून माघारी पाठवलं, ते गुमान मागे फिरले असं मी लिहू शकत नाही. माझ्या मते रविवारची बंदी बंदीच नव्हे. मी तसंच कळवणार आहे. साखळ्या आज काढाव्यात, मिस्टर थॉरल्ड. कृपया.”

साखळ्या निघाल्या तेव्हा ऊन पडलं होतं. गाव छड्या न घेता, चहा न घेता, हॉलमधून तसाच घाटावर आला आणि फाटकातून आत शिरला. नोरा बाबागाडी ढकलत सगळ्यांच्या पुढे. जाताना प्रत्येक जण फाटकाशी उभ्या असलेल्या हम्फ्रीला “गुड आफ्टरनून, हम्फ्री” म्हणून पुढे गेला. एकानेही शिवी दिली नाही. एकाने तरी द्यायला हवी होती, असं हेस्टरला वाटलं.

सगळे गेल्यावर तो आणि ती उरली.

“तू किल्ली उचललीस,” हम्फ्री म्हणाला. “मला वाटलं, तू माझ्या बाजूची झालीस. फसवलंस मला.”

“हो,” हेस्टर म्हणाली.

मग त्याने विचारलं, “मी चाललो या वाटेने, तर चालेल ना आता?”

“वाट सगळ्यांची आहे, हम्फ्री. तुझीही आहे. तुला अडवणारी मी कोण?”

त्याच्या चेहऱ्यावर आशेचं काहीतरी आलं. रोजच्या सवयीने तो बाजूला झाला, तिने आधी फाटकातून जावं म्हणून.

“नाही,” ती म्हणाली. “तू पुढे हो. तुझ्याकडे पाठ करून चालायला आता मला भीती वाटते.”

 तो एकटाच आत गेला. तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत हेस्टर फाटकाला धरून थांबली होती.